तिकीटनाना आणि ‘माहीत नाही’ची पाटी

नाना म्हटलं की तुमच्या डोळ्यासमोर धोतर, पांढरी टोपी, हातात काठी आणि गालात तंबाखू असा एक म्हातारा येऊन बसला असणार. आणि गावाच्या इतिहासाचं मंडळ म्हटलं की तलवारी, फेटे, पोवाडे. दोन्ही पुसून टाका. आमचे नाना पॅन्टमध्ये शर्ट खोचायचे, खिशाला दोन पेनं लावायचे आणि त्यांच्या मंडळाने पहिले कितीतरी रविवार गावातली पहिली पिठाची गिरणी कोणत्या गल्लीत होती या भांडणात घालवले. तलवार आम्हाला एकही सापडली नाही. तोफ सापडली होती, पण ती तोफ नव्हती. ते पुढे सांगतो. तिसरी गोष्ट, हे लिहिणारा पोरगा लग्नात आणि गणपतीत मिमिक्री करतो, म्हणजे आता हसवून हसवून लोळवणार असं वाटत असेल तर तेही जरा बाजूला ठेवा. हसवतो. पण हसवूनच तर सगळा घोळ झाला.

नाना यष्टीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण तिकीट काही सुटलं नाही. तुम्ही त्यांच्यासमोर गावाबद्दल काहीही बोला, आमच्या मारुतीच्या देवळाखाली भुयार आहे, ते थेट पारोळ्याच्या किल्ल्यात निघतं, असं बोला, की नाना मान तिरकी करून विचारणार, “तिकीट?” म्हणजे तुला हे कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? पाहिलं नसेल तर त्याला कोणी सांगितलं? ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला उतरवायचं. भुयारवाले, खजिनेवाले, हत्तीवरून आलेल्या पाहुण्यांवाले असे कितीतरी लोक नानांनी भर रस्त्यात उतरवले. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर कोणी हळदीघाटापासून हळदीच्या दुधापर्यंत काहीही फॉरवर्ड केलं की खाली नानांचा एकच शब्द पडायचा. “तिकीट?” एकदा कोणीतरी नुसतं ‘सुप्रभात’ टाकलं, त्यालाही नानांनी तिकीट विचारलं. चुकून विचारलं असं नंतर म्हणाले, पण मला नाही वाटत.

मंडळाचं नाव गावफेरी. रविवारी सकाळी शाळेच्या ओट्यावर जमायचं, मग एक फेरी काढायची. कधी शेतांची नावं गोळा करायला, कधी जुन्या जात्यांवरच्या ओव्या मोबाईलमध्ये भरायला, कधी बांधावर पडलेल्या कोरीव दगडाचा चुना घासून काढायला. फेरी म्हणजे नानांच्या मते बसच, त्यामुळे निघताना ते जुना तिकिटाला भोक पाडायचा पंच खांबावर टकटक वाजवायचे आणि म्हणायचे, “चला, सरका पुढे, सरका.” हा पंच निवृत्तीनंतर त्यांच्याकडे कसा राहिला याचं तिकीट मात्र त्यांनी कोणाला कधी दाखवलं नाही.

तोफेचं आता सांगून टाकतो. गोट्या नावाचा माझा मित्र आहे. त्याच्या मळ्यात नांगराला एक लोखंडी नळकांडं लागलं. पारोळ्याला किल्ला, आणि गोट्याच्या मळ्यात तोफ. गावात नुसता धुमाकूळ. हार आला, नारळ आला, एक पत्रकार मोटारसायकलवर येऊन फोटो काढून गेला. नाना आले, नळकांड्यात वाकून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, “तिकीट?” सगळे चिडले. तेवढ्यात गोट्याची आजी भाकरीचं टोपलं घेऊन आली आणि म्हणाली, हे तर आपल्या जुन्या इंजिनचं सायलेन्सर, तुझा आजोबा ह्यालाच शिव्या घालायचा. हार तिच्या गळ्यात घातला गेला. नानांनी त्या सायलेन्सरलाही पाटी लावली, कारण त्याचं तिकीट पक्कं होतं.

पाट्या हा नानांचा जीव. शोध लागला की आधी शाळेच्या फळ्यावर खडूने लिहायचं, लोकांना बघू द्यायचं, कोणाचा आक्षेप नसला की पेंटरकडून पत्र्यावर रंगवून घ्यायचं. आणि शोध नाही लागला तर? तरी पाटी. गावातल्या निम्म्या पाट्यांवर लिहिलेलं होतं, “कोणी बांधलं माहीत नाही. शोध चालू आहे.” बाहेरगावचे पाहुणे फिदीफिदी हसायचे. नाना म्हणायचे, “माहीत नाही म्हणायला काय लाज? रिकामी सीट रिकामी दिसली पाहिजे. तिच्यावर रुमाल टाकून ठेवायचा नाही.”

आता माझं. मी पारोळ्याला एका मोबाईलच्या दुकानात बसतो. स्क्रीनगार्ड लावतो, डेटा इकडचा तिकडे करतो आणि गिऱ्हाईक नसलं की आवाज काढतो. हिरो, पुढारी, निवेदक हे सगळेच काढतात. माझी खासियत गावातली माणसं. त्यात नाना म्हणजे माझा हातखंडा. नाकातून येणारा तो आवाज, समजावताना शुद्ध मराठी आणि राग आला की एकदम अहिराणी. मी एकदा ओट्यावर नानांची बैठक काढत होतो, पोरं पोट धरून हसत होती आणि हसता हसता एकदम गप्प झाली. मागे नाना. मला वाटलं, आता पंच डोक्यात. नाना म्हणाले, “आवाज बरोबर शे. पण मी ‘सरका’ दोनदा म्हणतो, तू एकदाच म्हणालास. परत कर.” आणि उभं राहून परत करून घेतलं. त्या दिवसापासून त्यांनी माझं ‘टेप’ असं नाव पाडलं.

नुसतं नाव पाडलं नाही, कामाला लावलं. गावातली जी म्हातारी माणसं ओट्यापर्यंत येऊ शकत नव्हती, त्यांचं सांगणं मी घरी जाऊन भरून आणायचो आणि रविवारी बैठकीत त्यांच्याच आवाजात सांगायचो. त्यांचं खोकणं, अडखळणं, मधेच सुनेवर ओरडणं, सगळ्यासकट. लोक यायचे ते निम्मे यासाठीच. पण नानांची एक अट होती. तोंड उघडण्याआधी म्हणायचं, “मी ते नाही. हे त्यांचं सांगणं आहे, मी फक्त आवाज काढतो.” प्रत्येक वेळी. मला ते फार बावळटपणाचं वाटायचं. सगळ्यांना दिसतंय की मी बावीस वर्षांचा पोरगा आहे, ऐंशीची भागाबाई नाही. नाना म्हणायचे, “ते तुझं तिकीट आहे. ते फाडल्याशिवाय तू दुसऱ्याच्या आवाजात बसायचं नाही.”

अशाच एका फेरीत मी सुपडूबाबांकडे गेलो. बौद्धवाड्यात शेवटचं घर. बाबांचे पाय गेलेले, दिवसभर दारातल्या बाजेवर. सून सिंधूआक्का अंगणवाडीत. बाबांनी शाळेच्या विहिरीची गोष्ट सांगितली. दुष्काळात ती विहीर त्यांच्या बापाने आणि वाड्यातल्या माणसांनी खणली. बाबा तेव्हा लहान, आईबरोबर मातीची टोपली ओढायचे. पाणी लागलं, वरून नारळ फुटला, आणि खालच्या माणसांना वर यायला सांगितलं. त्यानंतर त्या विहिरीवर त्यांना हात लावू दिला नाही, दुसरा कोणी ओढून वरून ओतेल तेवढं. बाबा हे रडून सांगत नव्हते. गव्हाला पाणी कधी द्यायचं ते सांगावं तसं सांगत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “मना बाप वर उना तवय त्याना पाय वल्ला व्हतात. तितलंच पानी त्याले भेटनं.”

मी हे रविवारी बैठकीत सांगितलं, आधी तिकीट फाडून. ओल्या पायांचं वाक्य आलं तेव्हा ओट्यावर कोणी हललं नाही. गोट्यासुद्धा. माझ्या मनात लाडू फुटले, काय आवाज लागला म्हणून. बघा, मी कशावर खूष होतो ते.

नानांनी मात्र फळ्याकडे पाहिलं, खडू उचलला नाही. त्याचं कारण भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे सरपंचांचे थोरले भाऊ, माणूस गोड. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की शाळेची विहीर त्यांच्या पणजोबांनी बांधून दिली. नानांनी त्यांना आधीच नाही म्हटलं होतं. स्वतःच्या घराचं तिकीट स्वतः फाडता येत नाही, घराबाहेरचा एक साक्षीदार पाहिजे, असा नियम. आता तोच नियम सुपडूबाबांना. बापाबद्दल मुलगा सांगतो, दुसरं कोण सांगणार? दुसरे जे होते ते सगळे गेलेले. नाना स्वतः बाबांकडे गेले आणि बाजेच्या कडेला बसून समजावलं. “आबा, मला तुमचं खरं वाटतं. पण मला वाटून चालत नाही. भाऊसाहेबांना जे लावलं ते तुम्हाला नाही लावलं, तर उद्या माझ्या फळ्याला कोण विचारेल?” बाबा बरं म्हणाले. विहिरीवर ‘माहीत नाही’ची पाटी राहिली.

पण बाबांनी सोडलं नाही. वाड्यातलं कोणी गावात जायला निघालं की त्याच्यासोबत निरोप, नानाले विचारा, मना तिकिटनं काय व्हयनं? नाना रस्ता बदलायला लागले. मी पाहिलंय, रविवारची फेरी वाड्याकडून जायची ती तळ्याकडून जायला लागली. नाना दोन तालुके पालथे घालत होते दुसऱ्या साक्षीदारासाठी. आपल्या गावात माहेर असलेली कोणी म्हातारी यावलला आहे म्हणून कळलं, केळीच्या बागांतून फिरून आले, म्हातारीला काही आठवत नव्हतं. एवढं करून आल्यावर ते बाबांना तोंड दाखवायला धजायचे नाहीत.

त्या आठवड्यात नानांच्या फोनची मेमरी भरली, रेकॉर्डिंगनीच. फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, सगळं उतरवून घे, दोन दिवसांनी नेतो. मी तो घेऊन संध्याकाळी स्टॅंडवरच्या चहाच्या टपरीवर बसलो. गोट्या होता, आणखी दोघं होते. कोणीतरी म्हणालं, टेप, नानांच्या फोनवरून नानांच्या आवाजात कोणाला तरी लाव ना. मी विचारलं, कोणाला? यादीत वरती सुपडूबाबाच होते. मला फक्त जेवण झालं का विचारून फोन ठेवायचा होता. खरंच.

फोन उचलला. मी नानांच्या नाकातून ‘हॅलो’ म्हणालो. तिकडून बाबांचा आवाज आला तो थेट तेच, “नाना, मना तिकिटनं काय व्हयनं?” पोरं माझ्याकडे बघत होती. समोर प्रेक्षक असला की मला राहवत नाही, हा रोगच आहे. मी म्हणालो, “सुपडूबाबा, तुमनं तिकीट फाडं. बठा आते.”

पलीकडे काही वेळ नुसता श्वास. मग बाबा म्हणाले, “बरं.” त्यांना फोन बंद करता येत नव्हता, तो तसाच चालू राहिला आणि त्यातून ऐकू आलं, घराकडे तोंड करून ते म्हणत होते, “सिंधू, नाना मानी गया.” इकडे टपरीवर हशा. मीही हसलो. हसताना मला कळत होतं की लगेच परत फोन लावावा आणि सांगून टाकावं. मी ठरवलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी होती. मग ठरवलं, रविवारी बाबा थोडेच येणार आहेत ओट्यावर.

रविवारी बाबा आले. मालाच्या रिक्षात प्लास्टिकची खुर्ची ठेवून तिच्यावर बसून आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, मागे वाड्यातल्या बायका आणि पोरं. सिंधूआक्काच्या हातात पारोळ्याहून आणलेले पेढे. आक्काने पहिला पेढा नानांच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, नाना, तुमचा फोन आल्यापासून ह्यांचं दोन घास जास्त जेवण चाललंय.

नानांनी पेढा हातात धरला. आपला खिसा चाचपला, फोन होता तो खिसा. मग माझ्याकडे पाहिलं. एवढंच. मी खाली बघून पायाने ओट्यावरची माती उकरत होतो. गोट्या आणि ती दोघं एकाएकी फार शहाण्यासारखी बसली होती. भाऊसाहेब पुढच्या बाकावर होते. ते सरळपणे म्हणाले, “अरे वा, म्हणजे दुसरा साक्षीदार मिळाला का नाना?”

त्या क्षणी नानांनी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. फोन मी केला नाही, ह्या टेपने केला. सगळं खरं, तिकिटासकट. खुर्चीतला म्हातारा आला तसा रिक्षात बसून परत गेला असता, पेढे झाकून. मी वाट बघत होतो त्या वाक्याची. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं, एकदाचं होऊन जाऊ दे म्हणून. नानांनी पंच टेबलावर वाजवायला उचलला, तसाच खाली ठेवला आणि म्हणाले, “फोन मी केला होता.”

मग उठले, फळ्यावर विहिरीपुढे ‘माहीत नाही’ लिहिलं होतं ते पुसलं आणि बाबांना विचारून विचारून एकेक नाव लिहिलं. बाबांच्या बापाचं, मग बाकीच्यांचं. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी खुर्ची फळ्यापाशी न्यायला लावली, बापाच्या नावावर हात ठेवला आणि सिंधूआक्काला वाचायला सांगितलं. तिने वाचलं. परत वाच म्हणाले. तिने परत वाचलं. पेढ्यांचा डबा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी पेढा खाल्ला. नको म्हणायला पाहिजे होतं, पण मग कोणीतरी का विचारलं असतं.

भाऊसाहेबांनी त्या दिवशी काही म्हटलं नाही. पुढच्या रविवारी आले, शांतपणे बसले आणि म्हणाले की नाना, नावं रंगवा, माझी ना नाही, पण दुसरा साक्षीदार कोण तेवढं सांगा. नानांनी पंच हातात फिरवला. भाऊसाहेब म्हणाले, “मग आमच्या पणजोबांनीच काय पाप केलं?” ते भांडायला आले नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.  आयुष्यभर फुकट एक माणूस बसू न देणारा कंडक्टर, आता भर बैठकीत त्याच्याकडेच कोणी तिकीट मागत होतं. ते म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” पंच खिशात घातला. तो परत खांबावर वाजलेला मी ऐकला नाही.

विहिरीची पाटी रंगली. त्यानंतर गावात पणजोबांचं पीक आलं. देवळाची दीपमाळ कोणाच्या पणजोबांनी, चावडीचा दगड कोणाच्या पणजोबांनी, गोट्याच्या काकाने तर सायलेन्सरची पाटी काढून तिथे परत तोफ लिहिलं. नानांनी तिकीट विचारलं की लोक म्हणायचे, नाना, तुम्ही बिगरतिकीट बसवलेत ना, मग आम्हाला का उतरवता? पोरं त्यांना मागून ‘बिगरतिकीट नाना’ म्हणायला लागली. ग्रुपवर भुयार परत आलं, हत्ती परत आले. खाली नानांचा शब्द पडेनासा झाला. रविवारी ओट्यावर दहा माणसं, मग पाच, मग नाना आणि मी. नाना माझ्याशी त्या फोनबद्दल काहीच बोलत नव्हते. ते मला रेकॉर्डिंग लावायला सांगायचे, आम्ही दोघं बसून मेलेल्या माणसांचे आवाज ऐकायचो. मला वाटायचं, एकदा ओरडा तरी. ओरडले नाहीत.

सुपडूबाबा उन्हाळ्यात गेले. अंत्ययात्रा मुद्दाम शाळेवरून नेली, विहिरीजवळ क्षणभर थांबवली. पाटी होती. नंतरच्या रविवारी बाबांसाठी म्हणून बऱ्याच दिवसांनी ओटा भरला. भाऊसाहेबही होते. मी ठरवून गेलो होतो. आता बाबा नाहीत, आता सांगितलं तर कोणाचं काही जाणार नाही, आणि नानांचं नाव तरी परत येईल. मी उभा राहिलो आणि सांगितलं. नाना खोटं बोलले, फोन त्यांनी नव्हता केला, त्यांच्या आवाजात मी केला होता.

लोक हसले. आधी एक जण, मग सगळे. त्यांना वाटलं, हा बाबांच्या आठवणीत काहीतरी आयटम करतोय. मी म्हणालो, खरंच, शपथ. जास्त हसले. मागून कोणीतरी ओरडलं, हे आता नानांच्या आवाजात करून दाखव. गोट्याकडे पाहिलं, तो साक्षीदार होता, माझा घराबाहेरचा साक्षीदार. तोही हसत होता, किंवा सगळे हसतात म्हणून तोंड तसं केलं होतं. सिंधूआक्का तेवढी हसली नाही. तिने नानांकडे पाहिलं. नाना उठले आणि मला म्हणाले, बस खाली. मी बसलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नाना सुरतला मुलाकडे गेले. मुलगा कितीतरी वर्षं बोलवत होता आणि नाना म्हणायचे, गाडी सोडून कंडक्टर घरी जातो का? आता म्हणाले, जातो. घर भाड्याने दिलं, कोरीव दगड शाळेत ठेवले. मी मंडळ सोडलेलं नाही. आम्ही तिघं-चौघं आहोत, सिंधूआक्का त्यातली मुख्य. विहिरीचा दुसरा साक्षीदार अजून शोधतो आहोत. पारोळ्यात एक म्हातारे सुतार आहेत, त्यांच्या वडिलांनी त्या विहिरीचा रहाट केला होता म्हणतात. म्हणतात, एवढंच. त्यांची तब्येत बरी झाली की जायचंय. लग्नाच्या सुपाऱ्या मी घेतो, पुढारी काढतो, हिरो काढतो. नाना काढत नाही. लोक फर्माईश करतात, मी घसा बसलाय म्हणतो.

नानांना सोडायला पारोळ्याच्या स्टॅंडवर मी गेलो होतो. ओरडा मला तिथे बसला, तो शेवटी सांगायचा म्हणून ठेवला होता. सुरतची गाडी लागायची होती. नानांनी सुरुवात मराठीत केली, म्हणजे मला वाटलं समजावणार आहेत. त्या दिवशी बैठकीत उभा का राहिलास म्हणाले. मी म्हणालो, नाना, तुमचं नाव जात होतं. त्यांनी पिशवी बाकावर ठेवली.

“माझं नाव मी दिलं होतं. तू कोण ते परत आणणारा? तुझं खरं कोणी ऐकलं असतं तर पहिली पाटी कोणती उतरली असती? लोक हसले म्हणून वाचली. तुझ्या आयुष्यात लोक हसले ते पहिल्यांदा कामाला आलं.”

मी म्हणालो, मला वाटलं आता बाबा नाहीत, तर... आणि मग नाना अहिराणीत गेले. स्टॅंडवरचे लोक वळून बघायला लागले.

“आबाले माहीत व्हतं. तवयच माहीत व्हतं. फोन तुना व्हता, हाई आबानी माले मरानं आगोदर सांगं. मी आबाले कधी नाव लिसन हाक मारस का रे? आबा म्हणस मी, नुसतं आबा. तू काय म्हनना? सुपडूबाबा! मना आवाजमा तुनी हाक!”

 म्हणजे फोनवर नाना नाहीत हे त्या हाकेवरून कळूनच बाबा बरं म्हणाले होते. दाढी करून, पेढे आणून, खुर्चीत बसून ते आले ते नाना काय करतात हे बघायला आले होते.

“सगळं गाव तुले म्हणस, काय आवाज काढस, काय आवाज काढस. काय काढस? मी आबाशी कसं बोलस ते तुनी कधी आयकंच नही. नाक आयकं, खोकला आयका. मानूस नही आयका. आणि तुले मी म्हाताऱ्या मानसंना घर धाडे!”

गाडी लागली. मी पिशवी उचलायला हात घातला तर त्यांनी माझा हात बाजूला केला, स्वतः उचलली. दारात चढले, कंडक्टरकडून तिकीट घेतलं, नीट उलटसुलट पाहून खिशात ठेवलं आणि खिडकीतून परत माझ्यावर बोट रोखलं.

“त्या सुतारकडे जाशी तवय आगोदर सांगजो तू कोन शे ते. आणि तोंड बंद ठेवीसन आयकजो. चाल, सरक आते मागे. सरक.”